आतड्याच्या जुनाट दुखण्याची औषधं परवडावीत म्हणून

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि जखमा होतात. दुखणं शमलं तरी गोळ्या चालूच ठेवाव्या लागतात, आणि महिन्याचं बजेट तिथेच कोलमडतं. आरोग्य विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर. रोजच्या गोळ्यांचा खर्च बहुधा खिशातूनच जातो.

पैसे संपले म्हणून परस्पर गोळ्या बंद करणं सर्वांत महागात पडतं. दुखणं उसळलं की स्टेरॉइड, कधी रुग्णालय. स्टेरॉइडच्या गोळ्या स्वस्त, आरामही लवकर. म्हणून काहीजण त्याच महिनोन्‌महिने घेत राहतात. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. ही काटकसर नव्हे.

त्यापेक्षा डॉक्टरांना सरळ सांगावं, 'एवढं झेपत नाही.' यात लाजण्यासारखं काही नाही. मेसालामाइन या रोजच्या औषधाऐवजी सल्फासॅलाझिन हे जुनं, स्वस्त औषध काहींना चालतं. मात्र सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर नाही, आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड लागतं. जेनेरिकची चौकशी जनऔषधी केंद्रात करावी. पण मेसालामाइनच्या सगळ्या गोळ्या आतड्यात एकाच ठिकाणी विरघळत नाहीत, म्हणून ब्रँड बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आजार बळावला तर अ‍ॅडालिमुमॅबसारखी इंजेक्शनं लागतात. या औषधाची भारतीय बनावटीची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती आवृत्ती 2014 मध्ये आली. तीही स्वस्त म्हणता येणार नाही. कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना असतात, पण त्या आपणहून कुणी सांगेलच असं नाही. इंजेक्शन सुरू करण्याआधीच डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात विचारावं.