दिवा, पक्षी आणि पंप

इंग्लंडमधल्या फेलिंगच्या कोळसा खाणीत १८१२ साली स्फोट होऊन ९२ जण मृत्युमुखी पडले. तीन वर्षांनी हम्फ्री डेव्ही यांनी तारेच्या जाळीत ज्योत कोंडलेला दिवा तयार केला. ज्योतीवर निळसर टोपी चढली की मिथेन आणि ज्योत मंदावली की ऑक्सिजन कमी, हे खाणकामगारांनी ओळखायला शिकून घेतले. शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हाल्डेन यांनी कार्बन मोनॉक्साइडचा सुगावा लागावा म्हणून लहान प्राणी सोबत न्यायला सुचवले. त्यातूनच कॅनरी पक्षी खाणीत आला. पण दिवा असो वा पक्षी, धोका कळण्यासाठी माणसाला खाली उतरावेच लागे.

पंपाच्या गॅस डिटेक्टरने हे बदलले. माणूस वर थांबतो, नळी खाली जाते. खाणीसारखाच वायूंचा धोका गटारातही असतो. आपल्याकडे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याखालील नियमांनी गटारसफाईच्या साधनांत चार वायूंचा मॉनिटर घातला. तरीही मॅनहोलमधले मृत्यू थांबलेले नाहीत. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली.

यंत्र हाती आले, तरी त्याची नळी कुठे सुटलेली असेल तर पंप वरचीच स्वच्छ हवा ओढतो. पडद्यावर ऑक्सिजन २०.९ टक्के, बाकी सारे शून्य! खाली मात्र हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. दशलक्षात शंभर भागांच्या आसपास त्याचा वास येणेच बंद होते. म्हणजे नाकही सावध करत नाही.

म्हणून मोकळ्या हवेत, नळी जोडूनच, तिचे टोक बोटाने बंद करावे. पंपाचा आवाज जड व्हावा आणि काही सेकंदांत अलार्म वाजावा. वाजला नाही तर गळती शोधावी. फिल्टर ओला किंवा मळलेला असेल तर बदलावा. मग त्याच नळीतून ज्ञात प्रमाणाचा वायू सोडून सेन्सर तपासावेत. मिथेन हलका, हायड्रोजन सल्फाइड जड. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी, नळीच्या लांबीप्रमाणे थांबत मोजावे.

दोनशे वर्षांत इतक्या जिवांची किंमत मोजून माणसाला वर थांबण्याची सोय मिळाली आहे. मुकादमांनो, अभियंत्यांनो, बोटाची ही तपासणी झाल्याशिवाय कोणालाही खाली उतरवू नका. आणि उतरणाऱ्या मित्रा, ‘ती माझ्यासमोर करून दाखवा,’ असे हक्काने सांग.