करडईचा रंग आणि जिवाणूंची टाकी

रेणापूर तालुक्यात सोयाबीन पेरण्याआधी बियाण्याला रायझोबियम चोळतात, तेव्हा जिवाणूंची भीती कुणाला वाटत नाही. पण जिवाणूंकडून झाडांचे रंग बनवून घेतात म्हटले की लगेच विचारतात, म्हणजे नकलीच ना?

नकली नव्हे. निळीचा रेणू पानातून आला काय किंवा जिवाणूतून आला काय, त्यातली अणूंची मांडणी तीच असते. फरक पडतो तो सोबत राहिलेल्या अशुद्धींमुळे, तेव्हा कसून तपासायच्या त्या अशुद्धी.

झाडाचे जनुक उचलून जिवाणूत घातले की रंग तयार, हाही समज खरा नाही. १९८३ साली ॲमजेन कंपनीच्या संशोधकांनी ई. कोलाय जिवाणूत निळीचा रंग तयार झाल्याचे दाखवले, तेव्हा त्यात झाडाचे एकही जनुक नव्हते. नॅप्थलीन पचवणाऱ्या स्युडोमोनास जिवाणूची जनुके त्यात घातली होती. ई. कोलाय मुळातच ट्रिप्टोफॅनपासून इंडोल बनवतो. नव्या एन्झाइमने त्या इंडोलला ऑक्सिजन जोडला आणि पुढे हवेशी संयोग होऊन निळा रंग उतरला.

करडईचे काम याहून कितीतरी अवघड आहे. तिच्या पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्यात धुऊन जातो. लाल कार्थमिन थोडे असते आणि ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगारी आधी पिवळा धुऊन काढत, मग खाराच्या पाण्यात लाल उतरवत आणि आंबट घालून तो कापडावर बसवत. कार्थमिनचा रेणू दोन भागांचा, दोन्हींना साखर जोडलेली. असे रेणू घडवायला एकामागून एक बरीच एन्झाइम लागतात. या कुळातल्या रंगांची काही एन्झाइम झाडाच्या पेशीत आतल्या पडद्यांना चिकटून काम करतात, आणि जिवाणूत तसे पडदेच नसतात. त्यामुळे अनेक संशोधक यीस्टकडे वळतात.

हे जिवाणू शेतात पसरतील, ही भीतीही अनाठायी आहे. ते बंद टाकीत वाढवतात आणि रंग काढून घेतल्यावर मारून टाकतात.

बाजाराची भीती मात्र मी गैरसमजात धरणार नाही. १८९७ साली जर्मनीच्या बीएएसएफने कारखान्यातली नीळ विकायला काढली आणि पुढच्या दोन दशकांत बंगाल-बिहारची नीळशेती जवळजवळ बसली. करडई मात्र आपण तेलासाठी पेरतो. पाकळ्या बहुधा रानातच वाळून जातात, कारण काट्यांतून त्या वेचणार कोण? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा नारी-६ हा वाण बिनकाट्यांचा आहे. पाकळ्या सुकू लागल्यावर वेचल्या तर दाण्याला धक्का लागत नाही. फक्त घेणारा कोण आणि भाव काय, हे पेरणीआधी ठरवून घ्यावे.