उचलून टाकण्याची विद्या : अलेक्सांद्र कारेलिनची कारकीर्द

ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेच्या खाली हात लावता येत नाही आणि प्रतिस्पर्ध्याला अडकवण्यासाठी किंवा पाडण्यासाठी पायांचा उपयोगही करता येत नाही. म्हणजे मराठी मल्लाच्या अंगवळणी पडलेले पट काढणे, टांग मारणे, एकलंगी भरणे हे सारे डाव या प्रकारात नियमबाह्य ठरतात. एवढे वजा केल्यावर उरते ती छाती, खांदे, दंड, मान आणि कंबर यांची झुंज, आणि त्या झुंजीचा सर्वोच्च आविष्कार म्हणजे प्रतिस्पर्ध्याला मिठीत घेऊन, स्वतःच्या पाठीची कमान करून त्याला डोक्यावरून मागे फेकणे. या शैलीला प्राचीन ग्रीस आणि रोमचे नाव लावले गेले असले तरी तिची घडण एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये झाली, आणि पुढे युरोपभर, विशेषतः स्कँडिनेव्हिया, पूर्व युरोप आणि रशिया येथे ती खोलवर रुजली. भारतात ती तितकी रुजली नाही. हेलसिंकीच्या 1952 च्या ऑलिंपिकमधील खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकापासून पॅरिसच्या 2024 च्या स्पर्धेपर्यंत भारताने कुस्तीत मिळवलेली आठही ऑलिंपिक पदके फ्रीस्टाइल प्रकारातील आहेत.

या शैलीची एक जुनी अडचण अशी की तिचे सौंदर्य हलक्या वजनी गटांतच अधिक दिसते. साठ-सत्तर किलोंचा मल्ल आपल्याच वजनाच्या माणसाला उचलून फेकू शकतो, परंतु सर्वांत वरच्या गटात, जिथे दोन्ही बाजूंना सव्वाशे किलोंच्या आसपास वजन असते, तिथे पायाला हात लावण्याची मुभा नसल्याने लढत बहुधा छातीला छाती लावून रेटण्यात आणि एखाद्या गुणावर निकालात निघते. अलेक्सांद्र कारेलिनचे महत्त्व इथे सुरू होते. त्याची तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, नऊ जागतिक आणि बारा युरोपीय अजिंक्यपदे हा त्याच्या थोरवीचा पुरावा आहेच. पण ज्या गटात फेक जवळजवळ अशक्य मानली जात होती, त्या 130 किलोंच्या गटात त्याने फेकीलाच लढतीचा केंद्रबिंदू बनवले, ही त्याची खरी कामगिरी आहे.

कारेलिनचा जन्म 19 सप्टेंबर 1967 रोजी सायबेरियातील नोव्होसिबिर्स्क येथे एका ट्रकचालकाच्या घरी झाला. वयाच्या तेराव्या वर्षी तो विक्टर कुझ्नेत्सोव्ह या प्रशिक्षकाकडे गेला आणि संपूर्ण कारकीर्दभर त्याच एका गुरूकडे राहिला. सोव्हिएत क्रीडाव्यवस्था होतकरू खेळाडूंना मॉस्कोकडे ओढून घेत असे, हे लक्षात घेता ही निष्ठा विशेष म्हणावी लागेल. पंधराव्या वर्षी पाय मोडूनही त्याने कुस्ती सोडली नाही. सायबेरियातील मांडीएवढ्या बर्फातून धावण्याच्या त्याच्या सरावाविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यातील अद्भुतरम्य भाग बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित की त्याच्या शरीरात अवजड गटातील मल्लाची ताकद आणि मधल्या गटातील मल्लाची लवचीकता एकत्र आली होती, आणि या दुर्मीळ संयोगावरच त्याचा पुढचा डाव उभा राहिला.

सोव्हिएत संघात त्या काळी देशांतर्गत स्पर्धा जिंकणे हे जागतिक स्पर्धा जिंकण्याइतकेच अवघड होते. 1987 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत कारेलिनचा इगोर रोस्तोरोत्स्कीकडून अवघ्या एका गुणाने पराभव झाला. रोस्तोरोत्स्की हा 1985 आणि 1987 चा जगज्जेता होता. पुढच्याच वर्षी कारेलिनने त्याला हरवून सोलच्या ऑलिंपिकसाठी संघातील जागा मिळवली, आणि त्या पराभवानंतर तब्बल तेरा वर्षे त्याला कोणी हरवू शकले नाही. सोलमध्ये, एकविसाव्या वर्षी, बल्गेरियाच्या रांगेल गेरोव्स्कीविरुद्धच्या अंतिम लढतीत तो मागे पडला होता. अखेरच्या क्षणांत त्याने प्रतिस्पर्ध्याला उचलून फेकले आणि 5-3 असा विजय मिळवला. जगाने तो डाव ऑलिंपिकच्या व्यासपीठावर पाहिला आणि पुढे तो त्याच्याच नावाने, ‘कारेलिन लिफ्ट’ म्हणून, ओळखला जाऊ लागला.

हा डाव नीट समजून घेण्यासारखा आहे. ग्रीको-रोमनमध्ये निष्क्रिय ठरलेल्या मल्लाला मॅटवर खाली बसवले जाते आणि वरच्या मल्लाला मागून पकड घेण्याची संधी मिळते. या स्थितीला ‘पार-टेर’ म्हणतात. खालचा मल्ल अशा वेळी पोटावर पसरतो, छाती आणि कंबर मॅटला चिकटवतो, कारण जमिनीला बिलगलेला सव्वाशे किलोंचा देह उचलणे हे कोणाच्याही हाताबाहेरचे काम असते. कारेलिन प्रतिस्पर्ध्याच्या पायांकडे तोंड करून, म्हणजे उलट्या दिशेने, त्याच्या कमरेभोवती हातांची मिठी घालत असे, मिठीसह त्याला जमिनीवरून सोडवून छातीपर्यंत आणत असे आणि मग स्वतः मागे झुकत त्याला खांद्यावर किंवा मानेवर आपटत असे. प्रतिस्पर्ध्याचे पाय हवेत मोठा वर्तुळाकार फेरा घेत अशी फेक पडली, तर तिला त्या वेळच्या नियमांनुसार एका झटक्यात 5 गुण मिळत. हलक्या गटांत हा डाव पूर्वीपासून होता. या वजनात तो नियमितपणे, आणि तोही जगातील उत्तमोत्तम मल्लांवर करून दाखवणारा कारेलिन हा पहिलाच. त्याचा परिणाम केवळ गुणफलकावर दिसला नाही. मानेवर आदळण्यापेक्षा स्वतःहून पाठीवर वळून चीतपट होणे काही प्रतिस्पर्ध्यांनी पत्करले, आणि प्रतिस्पर्ध्याच्या मनावर इतका ताबा मिळवणारा मल्ल कुस्तीच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

1988 ते 1996 या काळात तो तीन ऑलिंपिकमध्ये तीन वेगवेगळ्या संघांचा ध्वजवाहक होता: सोलमध्ये सोव्हिएत संघाचा, 1992 च्या बार्सेलोनात विघटनानंतरच्या संयुक्त संघाचा आणि अटलांटात रशियाचा. देशाचे नाव, ध्वज आणि राष्ट्रगीत बदलत गेले. पदकाचा रंग मात्र तोच राहिला. बार्सेलोनात त्याने स्वीडनच्या टोमास योहान्सनला हरवले. अटलांटाचे यश त्याहून कठीण होते, कारण त्याच वर्षी बुडापेस्ट येथील युरोपीय स्पर्धेत त्याच्या छातीचा स्नायू फाटला होता आणि शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांतच तो मॅटवर उतरला. उचलण्याच्या विद्येचा सारा भार ज्या स्नायूंवर, तेच दुखावलेले असताना त्याने अंतिम लढतीत इराणमध्ये जन्मलेल्या अमेरिकन मॅट गफारीला 1-0 असे हरवले. या विजयात नेत्रदीपक असे काहीच नव्हते. तरीही कारेलिनच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा विजय कोणता, असे विचारले तर उत्तर अटलांटा हेच द्यावे लागेल, कारण तिथे त्याचा डाव त्याच्या मदतीला नव्हता आणि तरीही तो हरला नाही.

सिडनीत 27 सप्टेंबर 2000 रोजी त्याच्यासमोर अमेरिकेचा रूलन गार्डनर होता. हा वायोमिंगमधील गोपालकाच्या घरातला मल्ल 1997 मध्ये कारेलिनकडून 5-0 असा हरला होता. मात्र या वेळी कारेलिनला त्याला उचलता आले नाही. पहिली तीन मिनिटे गुणाविना गेली, म्हणून त्या वेळच्या नियमाप्रमाणे दुसऱ्या सत्राच्या आरंभी दोघांना एकमेकांच्या मिठीत उभे करण्यात आले. ज्याची हातांची कडी आधी सुटेल त्याच्याविरुद्ध एक गुण जातो, असा हा नियम होता आणि कंटाळवाणी कोंडी फोडण्यासाठी तो आणला गेला होता. कारेलिनची बोटे क्षणभर विलग झाली, चित्रफीत तपासून गार्डनरला गुण देण्यात आला, आणि कोणाचेही 3 गुण न झाल्याने लढत जादा वेळेत गेली, तरी तो एक गुण काही फिटला नाही. अखेरच्या काही सेकंदांत कारेलिनने हात खाली सोडले. सहा वर्षांत ज्याच्याविरुद्ध कोणाला गुण मिळवता आला नव्हता, तो मल्ल ना फेकला गेला, ना चीत झाला. त्याची केवळ पकड सुटली. या पराभवाला काहींनी तांत्रिक म्हटले, पण ते गार्डनरवर अन्यायकारक आहे. कारेलिनच्या मिठीला नऊ मिनिटे वाव न देणे, पार-टेरमध्ये त्याच्याखाली जमिनीला चिकटून राहणे हे त्याआधी इतक्या वर्षांत कोणाला जमले नव्हते, आणि ज्याला ते जमले तो सुवर्णपदकाचा पूर्ण हक्कदार होता.

सिडनीबरोबर कारकीर्द संपली. तिची नोंद सामान्यतः 887 विजय आणि 2 पराभव अशी दिली जाते, आणि ते दोन्ही पराभव एकेका गुणाचे आहेत. कारेलिनने पुढे कुस्तीच्या प्रशिक्षणपद्धतीवर प्रबंध लिहून शिक्षणशास्त्रातील डॉक्टरेट मिळवली. 1999 पासून तो रशियन संसदेत आहे, युक्रेनविरुद्धच्या युद्धाला त्याने पाठिंबा दिला आहे आणि त्यापायी 2022 नंतर पाश्चात्त्य देशांनी त्याच्यावर निर्बंध घातले आहेत. त्याच्या खेळावरील प्रेमाने ही बाजू झाकण्याचे कारण नाही.

पदकांच्या हिशेबात आज क्यूबाचा मिखाईन लोपेस त्याच्या पुढे आहे. 2008 पासून 2024 पर्यंत सलग पाच ऑलिंपिकमध्ये एकाच वैयक्तिक प्रकारात सुवर्णपदक मिळवणारा तो कोणत्याही खेळातला पहिला खेळाडू ठरला, आणि त्याची ही पदकेही सर्वांत वरच्या गटातलीच आहेत. लोपेसची कुस्ती संयमाची, तोलाची आणि प्रतिस्पर्ध्याला जागा न देण्याची आहे. दीर्घकाळ टिकण्याच्या दृष्टीने ती अधिक शहाणी असेलही. परंतु या गटात उभ्या-आडव्या देहाला उचलून डोक्यावरून नेण्याचे जे मानदंड कारेलिनने घालून दिले, त्यांच्याजवळ लोपेसही गेलेला नाही, आणि आजही अवजड गटातील एखाद्या मल्लाने पार-टेरमध्ये उलटी मिठी घातली की त्या डावाला नाव दिले जाते ते कारेलिनचेच.