मॉरिशसची विंदाय

गोव्याच्या खाणावळींत विंदालू खाल्लेला मनुष्य मॉरिशस बेटावर गेला आणि तेथें कोणा घरीं त्याच्या पानांत विंदाय वाढली गेली, तर नांव ऐकून तो ओळखीचें स्मित करील आणि पहिल्याच घांसाला बुचकळ्यांत पडेल. रस नाहीं, लाल रंग नाहीं, लवंग-दालचिनीचा वास नाहीं. पिवळ्याधमक मसाल्यानें माखलेले तळलेल्या माशाचे तुकडे, लसणीच्या सबंध पाकळ्या, आणि सारें थंडगार!

नांवांतील साम्य मात्र खरें आहे. मद्य व लसूण यांत मांस मुरवून ठेवण्याची पोर्तुगीज लोकांची जुनी रीत होती. तिचें नांव ‘व्हिन्या द आल्युश’. गोव्यांत मद्याची जागा माडाच्या शिरक्यानें घेतली, अमेरिकेहून आलेली मिरची त्यांत शिरली आणि विंदालू झाला. त्या नांवांतील ‘आलू’ पाहून पुढें कोणीं त्यांत बटाटे घातले, परंतु मूळ शब्दाचा बटाट्याशीं संबंध नाहीं. आल्युश म्हणजे लसूण. मॉरिशसची विंदाय ही याच घराण्याची दुसरी शाखा मानली जाते. एका शाखेनें मिरची धरली, दुसरीनें मोहरी.

या बेटावर मूळची वस्ती नव्हती. १६३८ मध्यें डच आले व १७१० मध्यें निघून गेले. १७१५ मध्यें फ्रेंचांनीं बेट घेतलें आणि १८१० मध्यें तें इंग्रजांच्या हातीं गेलें. १८३५ मध्यें तेथील गुलामगिरी बंद झाली. तिच्या आदल्याच वर्षापासून उसाच्या मळ्यांसाठीं हिंदुस्थानांतून करारानें बांधलेले मजूर जहाजें भरभरून नेले जाऊं लागले. पुढील ऐंशी-नव्वद वर्षांत अशीं सुमारें साडेचार लक्ष माणसें पोर्ट लुई बंदरांत उतरलीं. बहुतेक बिहारकडील, कांहीं तामीळ व तेलुगु, आणि मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडील मराठी कष्टकरी. आफ्रिकेंतून व मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे वंशज, फ्रेंच मळेवाले आणि चिनी दुकानदार हे त्यांचे शेजारी. अशा वस्तींत एका चुलीवरचा जिन्नस दुसऱ्या चुलीवर गेला नसता तरच नवल.

या मराठी कुटुंबांच्या वंशजांच्या घरांतून आज बहुधा क्रिओल बोलली जाते. मुलें मराठी शिकतात तीं शाळेंत; गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सुटी असते. भाषा घरांतून शाळेंत गेली, पण पाटा-वरवंटा स्वयंपाकघरांत राहिला. त्याला तेथें ‘रोश कारी’ म्हणतात, म्हणजे कालवणाचा दगड. विंदायेची मोहरी वाटावयाची ती याच दगडावर.

आणि मराठी गृहिणीची चूक होण्याचा संभव आहे तो येथेंच. मोहरी म्हटली कीं हात फोडणीकडे जातो. तडतडलेली मोहरी खमंग लागते खरी, परंतु तिचा झणका गेलेला असतो. मोहरीच्या दाण्यांत तिखटपणा तयार स्थितींत नसतोच. दाणा फुटून त्याला ओल लागली म्हणजे त्यांतील एक द्रव्य दुसऱ्यावर क्रिया करतें, आणि मग नाकांत शिरणारा तो तीव्रपणा निर्माण होतो. कडक उष्णतेनें ही क्रिया बंद पडते; आंबटानें ती मंदावते, पण एकदां उत्पन्न झालेला तिखटपणा टिकूनही राहतो. म्हणून मोहरी आधीं थोड्या पाण्यांत वाटावी, दहा मिनिटें तशीच ठेवावी आणि मगच तींत शिरका मिसळावा. लोणच्यासाठीं मोहरी फेसणाऱ्या आजीबाईंना यांत नवीन असें कांहींच वाटणार नाहीं.

अर्धा किलो माशाला मोहरी दोन मोठे चमचे, हळद एक लहान चमचा, लसणीची एक मोठी गड्डी, आठ-दहा लहान कांदे, चार हिरव्या मिरच्या आणि पाव वाटी शिरका, म्हणजे बाजारांत मिळणारें साधें व्हिनेगर, इतकें पुरे. मासा घट्ट हवा. मॉरिशसमध्यें कुपा पुष्कळदां वापरतात. आपल्याकडे सुरमई उत्तम. बोंबील या कामाला घेऊं नये, त्याचा लगदा होईल. तुकड्यांना मीठ व थोडी हळद चोळून ते तेलांत तळून काढावे. मग दुसऱ्या भांड्यांत चार मोठे चमचे तेल तापवून कांदे, सोललेल्या सबंध पाकळ्या व चिरलेल्या मिरच्या परताव्या. कांदा तांबूस होऊं देऊं नये. तो दांताखालीं किंचित् करकरला पाहिजे. आंच अगदीं मंद करून उरलेली हळद व शिरक्यांतील मोहरी घालावी, एक-दोनदां हलवावें, मीठ पाहावें आणि तळलेले तुकडे त्यांत हलक्या हातानें घोळवून भांडें उतरावें. पाणी घालूं नये. खोबरें तर नाहींच नाहीं. कोंकणी मनुष्याला हें जड जाईल, पण खोबऱ्यानें पदार्थ लवकर बिघडतो आणि मोहरीही दबते. भांडें पोलादी असावें. कल्हई गेलेल्या पितळेला शिरका लागूं देणें धोक्याचें आहे.

एवढें झालें तरी विंदाय अद्याप व्हावयाची असते. त्याच दुपारीं गरम वाढली तर शिरका वेगळा, मोहरी वेगळी आणि मासा वेगळा लागतो, व घरचीं माणसें तोंड वांकडें करतात; पुष्कळांचा पहिला प्रयत्न असा फुकट जातो आणि दोष पदार्थाला दिला जातो. ती पूर्ण निवूं द्यावी, चिनी मातीच्या अगर कांचेच्या बरणींत भरावी आणि निदान एक रात्र मुरूं द्यावी. उष्ण हवेंत मासा टिकविणें हाच या साऱ्या खटाटोपाचा मूळ हेतु होय. तथापि हें कांहीं वर्षभराचें लोणचें नव्हे. आज घरोघरीं शीतपेटी आहे, तेव्हां बरणी तिच्यांतच ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी, हें उत्तम.

मासे न खाणाऱ्या घरांसाठीं त्याच बेटावर ‘अशार’ आहे. तें म्हणजे आपलेंच अचार, फ्रेंच जिभेवरून जाऊन आलेलें. कोबी, गाजर व फरसबी यांचे लांबट तुकडे नुसते वाफ दाखवून कोरडे करावयाचे आणि याच मोहरी-हळद-शिरक्यांत मुरवावयाचे. भाज्यांतील पाणी नीट निथळलें नाहीं तर मसाला पातळ होतो, एवढेंच सांभाळावयाचें.

विंदायेबरोबर भात, साधें वरण आणि टोमॅटोची कच्ची चटणी असली म्हणजे पान पुरें होतें. टोमॅटोला तेथें ‘पॉम दामूर’, म्हणजे प्रेमाचें सफरचंद, म्हणतात, आणि चटणीला ‘सातिनी’. उरलेली विंदाय दुसऱ्या दिवशीं पावांत भरून खातात, आणि त्यासाठीं ती मुद्दाम थोडी अधिकच करतात.