पिल्लू पाहावे की खाण?

१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास यात्रा भरते. घोडा घेण्यास आलेला माणूस तेथे जनावराचे दात पाहतो, अंगावरचे भोवरे तपासतो, चाल पारखतो आणि मगच किमतीची बोलणी करतो. परंतु घोड्याबाबत इतका चोखंदळ असणारा हाच समाज कुत्र्याचे पिल्लू पुष्कळदा भ्रमणध्वनीवरील एका छायाचित्रावरून पसंत करतो. ही केवळ हौसेची बाब असती, तर तिकडे दुर्लक्ष करता आले असते. पण राखणीसाठी वा संरक्षण-स्पर्धेसाठी कुत्रा पाळणे म्हणजे दहा-बारा वर्षांची जबाबदारी पत्करणे होय. निवड चुकली, तर तिची किंमत घरातील मुलांना आणि शेजाऱ्यांनाही मोजावी लागते.

या स्पर्धेचा उगम जर्मनीतला. १८९९ मध्ये तेथे स्थापन झालेल्या जर्मन शेफर्ड संघटनेने आपल्या जातीची कर्तबगारी टिकावी म्हणून कामाची परीक्षा सुरू केली. माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन भाग असून प्रत्येकास १०० गुण असतात. संरक्षणाच्या भागात कुत्रा जाड बाही चढविलेल्या माणसावर झेपावतो. तथापि, आज्ञा होताच तो पकड सोडतो की नाही, हेही परीक्षक तितक्याच बारकाईने पाहतो. भीतीपोटी चावणारा कुत्रा येथे टिकत नाही. धीट, स्थिर आणि ऐकणारा स्वभाव हेच त्याचे खरे भांडवल, आणि या भांडवलाचा मोठा भाग वारशानेच येतो.

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ या म्हणीवर विसंबून बरेच लोक एका वेतातील सर्वांत दांडगे पिल्लू उचलतात. स्वीडनमध्ये ६३० जर्मन शेफर्ड पिल्लांची आठव्या आठवड्यात चाचणी घेऊन पुढे ती मोठी झाल्यावर त्यांची पारख करण्यात आली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, त्या वयातील चाचणीवरून पुढील कामाची योग्यता भरवशाने सांगता येत नाही. तेव्हा येथे ‘खाण तशी माती’ ही दुसरी म्हणच अधिक उपयोगी पडते. अर्थात, उत्तम आईबापही हमी देत नाहीत. ते यशाचा संभव तेवढा वाढवितात.

मग नोंदणीचा कागद पुरेसा नाही काय? कपाशीचे बियाणे घेताना शेतकरी पिशवीवरील उगवणीची टक्केवारी वाचतो. कुत्र्याच्या वंशावळीत पूर्वजांची नावे असतात, उगवणशक्ती नसते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्यास मालाचे गुणदोष ठाऊक असतात आणि घेणाऱ्यास नसतात, तेथे वाईट माल चांगल्यास हुसकून लावतो. पिल्लांच्या बाजारासही हा नियम लागू आहे. कष्टाने परीक्षा देववणारा पैदासकार आणि केवळ दोन कागदी कुत्री एकत्र आणणारा व्यापारी यांच्या पिल्लांत छायाचित्रावरून काहीच फरक दिसत नाही.

उपाय एकच: प्रश्न विचारणे. आईबापांना काम करताना पाहता येईल काय? त्यांच्या खुब्यांच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे काय? आई परक्या माणसापुढे आणि अचानक झालेल्या आवाजापुढे कशी वागते? याच जोडीची आधीची पिल्ले आज कोठे आहेत? आठ आठवड्यांच्या आतील पिल्लाची विक्री २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार निषिद्ध आहे, हेही विसरू नये. घेणाऱ्याने काही प्रश्न स्वतःसही विचारावेत. जळगावच्या उन्हाळ्यात पहाटे उठून रोज सराव कोण घेणार? जाणता शिक्षक मिळणार काय? उत्तर नकारार्थी असेल, तर स्पर्धेच्या वंशाचे तडफदार पिल्लू घरी न आणणेच शहाणपणाचे.

पैदासकारास शहाणे करण्याची शक्ती अखेर ग्राहकाकडेच आहे. तो केवळ रंग आणि किंमत विचारील, तोवर बाजारही रंग आणि किंमतच पुरवील. ज्या दिवशी तो पिल्लाच्या आधी त्याच्या आईकडे पाहू लागेल, त्या दिवशी कामाच्या कुत्र्यालाही बाजारात भाव येईल.