इंटरनेटची दुसरी वाट

खामगांवच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत आज आपण गेलांत, तर रुईच्या गठाणींइतकेंच महत्त्व कोपऱ्यांतल्या एका लहानशा पेटीला आलेलें दिसेल. 'राउटर' हें तिचें नांव. मालाचीं बिलें, कराचे कागद, शेतकऱ्याच्या खात्यावर पाठवावयाची रक्कम, सारें या पेटींतून बाहेर जातें. तिची तार तुटली कीं माल देऊन बसलेला शेतकरी खोळंबतो. म्हणून मालक म्हणतात, एका कंपनीचें इंटरनेट आहेच, दुसऱ्या कंपनीचेंही असूं द्यावें. विचार रास्त आहे. पण तो एवढ्यावरच थांबला तर पैसा वायां जाण्याचा संभव फार.

याचें कारण आपल्या जिल्ह्याच्या नकाशावरून समजतें. नागपूरहून मुंबईला जाणारे दोन मोठे रस्ते बुलढाणा जिल्ह्यांतून जातात. जुना हमरस्ता, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५३, खामगांव, नांदुरा, मलकापूर या गांवांवरून धुळ्याकडे जातो. आणि जून २०२५ मध्यें पुरा झालेला, ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धि महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा या बाजूनें. एक अडला तर दुसरा आहे. परंतु धुळ्याहून नाशिकमार्गें येणारी जुनी वाट काय किंवा समृद्धि काय, दोन्ही अखेर भिवंडीजवळच येतात. तेथें कोंडी झाली तर दोहोंवरचे प्रवासी सारखेच अडकतात.

इंटरनेटच्या केबलींचेंही असेंच आहे. दोन कंपन्यांचीं नांवें निराळीं, बिलें निराळीं. पण दोघींचे काचतंतु पुष्कळदां एकाच रस्त्याच्या कडेनें, कधीं तर एकाच चरांत पुरलेले असतात. एक कंपनी दुसरीचे तंतु भाड्यानेंही घेते. रस्ता रुंद करणारें यंत्र जमिनींत घुसलें म्हणजे तें कंपनीचें नांव विचारीत नाहीं. ३० जानेवारी २००८ रोजीं भूमध्य समुद्रांत अलेक्झांड्रियाजवळ 'सी-मी-वी ४' आणि 'फ्लॅग' या निरनिराळ्या मालकींच्या दोन समुद्री केबली एकाच दिवशीं तुटल्या आणि भारताची परदेशांशीं असलेली इंटरनेटची क्षमता सुमारें निम्म्यानें घटली. ज्यांना पूर्वेकडून सिंगापूरमार्गें वाट होती, त्यांचें काम निभावलें.

तेव्हां पुरवठादाराला आधीं दर न विचारतां वाट विचारावी. आमच्या फाटकापासून तुमची केबल कोणत्या बाजूनें जाते? एक महामार्गालगतची असेल तर दुसरी लोहमार्गालगतची मिळेल काय? मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं गांवें भुसावळ-नागपूर लोहमार्गावर आहेत, आणि २००० सालीं स्थापन झालेल्या रेलटेल या सरकारी कंपनीचे तंतु लोहमार्गांच्या कडेनेंच टाकलेले असतात. तें न जमल्यास दुसरी वाट मनोऱ्यावरून बिनतारी घ्यावी; मात्र त्या मनोऱ्याला येणारी केबल कोठून येते, हेंही विचारावें! दोन्ही तारा इमारतींत दोन बाजूंनीं आणाव्या. इतकें करून त्या एकाच राउटरला जोडल्या आणि तो राउटरच जळला, तर सारा खटाटोप फुकट.

आतां काम एका तारेवरून दुसरीवर जातें कसें? साधी रीत अशी: राउटर दर कांहीं सेकंदांनीं बाहेरच्या एखाद्या पत्त्याला हांक देतो, उत्तर येईनासें झालें कीं दुसऱ्या तारेकडे वळतो. ही हांक दूरच्या पत्त्याला हवी. पुरवठादाराच्या जवळच्या यंत्राला दिली, तर तें यंत्र इमानानें 'ओ' देत राहतें आणि पुढें तुटलेली केबल कळतच नाहीं. कारखान्यांतून बाहेर जाणारें काम या रीतीनें भागतें. बाहेरून आंत येणाऱ्यांचें भागत नाहीं, कारण इंटरनेटवरील पत्ता पुरवठादाराच्या मालकीचा असतो. भाडेकरूनें घर बदललें कीं जुन्या पत्त्यावरचीं पत्रें चुकतात, तसें होतें.

बँकेसारख्या संस्थेला हें चालणार नाहीं. तिनें स्वतःचे पत्ते आणि स्वतःच्या जाळ्याचा क्रमांक घ्यावा. भारतांत ते 'आय.आर.आय.एन.एन.' या नोंदणीसंस्थेकडून मिळतात. मग तिचा राउटर 'बी.जी.पी.' नांवाच्या संकेतानें दोन्ही पुरवठादारांना सांगत राहतो कीं, हे पत्ते येथें आहेत. (१९८९ सालीं दोघां अभियंत्यांनीं या संकेताचा आराखडा जेवतांना कागदी रुमालांवर काढला होता!) एका बाजूनें खबर थांबली कीं जग दुसऱ्या बाजूनें येतें. गप्प झालेल्या शेजाऱ्याची वाट पाहण्याची नियमांत सुचविलेली मुदत ९० सेकंदांची आहे. मात्र जुन्या पद्धतीच्या २५६ पत्त्यांहून लहान गटाची खबर बहुतेक जाळीं स्वीकारीत नाहींत. लहान पेढीला हा व्याप झेपणारा नाहीं, आणि माझ्या मतें त्याची जरूरीही नाहीं.

तिनें महिन्यांतून एकदां, व्यवहार बंद असेल त्या दिवशीं, पहिली तार स्वतःच्या हातानें काढावी आणि घड्याळ पुढें ठेवून पाहावें: बिल निघतें काय, बँकेचें पान उघडतें काय, किती वेळ लागला? मग ती लावून दुसरी काढावी. दुसऱ्या तारेवर एरव्हीं काम पडत नाहीं, त्यामुळें ती कित्येक महिने मृत असली तरी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. बिल मात्र नियमानें येत असतें.