जवाच्या दाण्यानं मोजलेला पाय

"वाढता पाय आहे जी, दोन नंबर मोठाच द्या."

तुमसर-मोहाडीच्या बाजारात चपलाबुटांच्या दुकानापाशी घटकाभर उभं राहिलं तर हे वाक्य कानावर पडतंच. मोहाडी तालुक्यातल्या करडीचा आणि आसपासचा मुलूख धानाचा. धान विकून हातात पैसा येतो, त्याच सुमाराला शाळांत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते. नाच बसवणाऱ्या बाई सांगतात, सगळ्यांचे काळे बूट हवेत. मग आई पोराला घेऊन दुकानात येते, बुटाचं पुढचं टोक अंगठ्यानं दाबून आत किती जागा उरली ते बघते आणि भरपूर उरली की समाधान पावते. एक जोड दोन वर्षं जायला हवा, हा तिचा हिशेब आहे आणि तो चुकीचा म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण त्याच बुटात पोरगं जेव्हा मंचावर चढतं, तेव्हा तो हिशेब त्याच्या पायाला भरावा लागतो. उडी मारली की टाच बाहेर येते. वळलं की पाय आधी फिरतो, बूट मागाहून. बघणारे म्हणतात, पोट्टा तालात कच्चा आहे. पोट्ट्याचा पाय वेळेवरच पडलेला असतो. उशीर झालेला असतो तो बुटाच्या तळव्याला.

एक नंबर म्हणजे नेमका किती, हे आपल्याला दुकानदारही सहसा सांगत नाही. आपल्याकडे वापरात असलेले आकडे ब्रिटिश पद्धतीचे आहेत. जुन्या इंग्लंडात एक इंच म्हणजे जवाचे तीन दाणे लांबीनं ओळीत, असं माप होतं. त्यातला एक दाणा, म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, हाच बुटाचा एक नंबर. मिलिमीटरमध्ये साधारण साडेआठ. लहान मुलांचे नंबर तेरापर्यंत जातात आणि मग मोठ्यांचा एक नंबर सुरू होतो. तेरानंतर एक कसा, हे कोडं अनेक पालकांना पडतं, त्याचं उत्तर एवढंच. इंग्रज गेले, पण भाताच्या कोठारातली आमची पोरं अजून जवाच्या दाण्यानं पाय मोजतात. दोन नंबर मोठा म्हणजे दोन दाणे, सतरा मिलिमीटर. नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा पाय एकवीस सेंटिमीटर धरला, तर त्याच्या पायाच्या लांबीच्या आठ टक्के जागा जास्तीची झाली.

ही लांबी नुसती पुढे रिकामी पडून राहिली असती तर फार बिघडलं नसतं. बिघडतं ते दुसरीकडेच. माणसाच्या पायात 26 हाडं असतात आणि पाऊल उचलताना ते सगळीकडून वाकत नाही. बोटांच्या मुळाशी, जिथे पायाच्या लांब हाडांना बोटं जोडलेली असतात, त्या एका तिरक्या रेषेवर ते दुमडतं. टाचेकडून मोजलं तर ही रेषा पायाच्या लांबीच्या सत्तर ते पंचाहत्तर टक्क्यांवर येते. चांगल्या बुटाचा तळही तिथेच वाकावा असा बनवलेला असतो. नंबर वाढला की बूट पुढे वाढतो, आणि त्याची वाकण्याची जागाही पुढे सरकते. एका नंबरामागे सुमारे सहा मिलिमीटर, दोन नंबरांमागे बारा. म्हणजे पाय बोटांच्या मुळाशी दुमडायला बघतो आणि बूट बोटांच्या मध्यावर. चालताना हे भांडण निभावून नेता येतं. नाचात टाच उचलून चवड्यावर तोलायचं असतं, त्याच क्षणी पायाखालचा तळ वेगळ्याच ठिकाणी मोडतो आणि तोल जातो. मग मूल न कळत बोटं आत वळवून बूट पकडून ठेवायला लागतं. पोटरीपासून बोटांपर्यंत सगळं ताठ. अशा पायातून ठेका सुटा कसा निघेल?

अमेरिकेतल्या सिराक्यूज गावच्या चार्ल्स ब्रॅनॉकला हे उमगलं होतं. त्याच्या घरचं बुटांचंच दुकान होतं. 1920 च्या दशकात त्यानं पाय मोजायची धातूची पाटी बनवली, ती आजही जगभर वापरात आहे. तिचं खरं वैशिष्ट्य असं की ती टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी मोजतेच, शिवाय टाचेपासून चवड्याच्या सांध्यापर्यंतचं अंतर वेगळं मोजते, आणि रुंदी वेगळी. सारख्याच लांबीच्या दोन पायांत एकाची बोटं आखूड आणि दुसऱ्याची लांब असू शकतात; त्यांना एकच नंबर देऊन चालत नाही.

रुंदीचं दुखणं तर आपलं खास आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. त्रिमितीय यंत्रांनी घेतलेल्या त्या मापांतून दिसलं की भारतीय पाय परदेशी साच्यांच्या मानानं रुंद असतात. रुंद पाय अरुंद बुटात बसत नाही, म्हणून आपण एक नंबर वर जातो. रुंदी मिळते, पण सोबत नको असलेली लांबीही गळ्यात पडते. म्हणजे करडीच्या आईचा दोन नंबरांचा आग्रह फक्त काटकसरीतून येत नसावा, असं मला वाटतं. एक नंबर वाढत्या पायाचा असेल, दुसरा रुंद पायाचा. या पाहणीवरून भारतीय मापांची 'भ' नावाची नवी पद्धत सुचवली गेली. ती दुकानात पोहोचेल तेव्हा पोहोचेल, तोवर पोराच्या पायाची रुंदी आपणच बघायला हवी.

आता 'चावणं'. बूट चावतो, चप्पल लागते, असं आपण म्हणतो, आणि त्यामागे घर्षणाचं शास्त्र आहे. सैल बुटात टाच दर पावलाला थोडी वर-खाली सरकते. कातडीचा वरचा थर बुटाला चिकटून एका बाजूला ओढला जातो, आतलं हाड दुसऱ्या बाजूला जातं. या ओढाताणीत वरच्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुटतात, त्या फटीत पाणी भरतं, आणि फोड येतो. घामानं ओलसर झालेली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते, म्हणून घाम आला की फोड लवकर येतो. घट्ट बुटानं फोड येतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. सैल बूटही तितकाच चावतो, हे मात्र सांगावं लागतं. शिवाय उतरताना पाय पुढे घसरून अंगठा टोकावर आपटतो. तालमीनंतर नख काळं दिसलं, तर नखाखाली रक्त साकळलेलं असतं.

सैल बुटाच्या अगदी उलट टोकाला बॅले आहे. 1832 मध्ये पॅरिसला 'ला सिल्फिद' या नृत्यनाट्यात मारी तालिओनी बोटांच्या टोकांवर नाचली आणि त्या शैलीला प्रतिष्ठा मिळाली. आजचे तसे बूट कापड, कागद आणि खळ यांच्या थरांतून बनतात, आणि ते मोज्यासारखे अंगाबरोबर बसावे लागतात. बोटं आत सरळ राहिली पाहिजेत, दुमडता कामा नयेत, पण पुढे मोकळी जागाही उरता कामा नये. तिथे वाढत्या पायासाठी जागा सोडणं ही सरळ चूक मानतात, आणि हाडं व ताकद पुरेशी तयार झाल्याशिवाय मुलीला ते बूट देतच नाहीत. आपल्या शाळेतल्या नाचाला इतकी काटेकोर गरज नाही. चालण्या-धावण्याच्या बुटात अंगठ्यापुढे बोटभर जागा ठेवतात. नाचाच्या बुटात तिच्या निम्मी पुरते.

मापाइतकाच महत्त्वाचा तळ. खेळाच्या बुटाचा रबरी तळ जमीन पकडून ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. गिरकी घेताना अंग फिरतं, बूट जागचा हलत नाही, आणि तो पीळ वर गुडघ्यात जातो. गुडघा हा मुख्यतः वाकण्या-सरळ होण्याचा सांधा. पीळ सोसण्याची त्याची तयारी फार थोडी. म्हणून जोडीनं नाचण्याच्या पाश्चात्य प्रकारांत बुटाला मऊ, लवदार चामड्याचा तळ लावतात. तो थोडा धरतो, थोडा सोडतो.

आणि अनवाणी? लावणी, कथक, भरतनाट्यम हे सगळे बिनबुटांचे नाच. तळव्याची कातडी अंगावरची सगळ्यात जाड, टाचेखाली चरबीचे छोटे छोटे कप्पे, बोटांच्या ठशांसारख्याच रेषा तळव्यालाही. याहून नेमक्या मापाचा बूट कुणी शिवलेला नाही. पण मापाचा प्रश्न तिथेही सुटत नाही, तो घोट्यावर येतो. चाळ सैल बांधला तर दर ठेक्याला खाली सरकून हाडावर आपटतो, आणि घुंगराचा आवाज पायाच्या मागून येतो, बुटाच्या तळासारखाच. करकचून बांधला तर रक्त अडतं, पाय बधिर होतो. त्यात वजन. कथकात एकेका पायात शंभर-शंभर घुंगरं असतात, लावणीचे चाळ काही किलोंचे होतात. हे वजन कमरेपासून सगळ्यात लांब, घोट्यावर असतं, आणि फिरणाऱ्या वस्तूचा जडपणा अंतराच्या वर्गानं वाढतो. खिशात किलोभर ओझं आणि घोट्यावर किलोभर ओझं ही नाचणाऱ्याला सारखी नसतात. म्हणून जुनी माणसं आधी कापडाची पट्टी गुंडाळतात, मग चाळ बांधतात, आणि शिकाऊ मुलीला थोड्या घुंगरांपासून सुरुवात करायला लावतात.

झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलुखात, दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, दंडार आणि खडीगंमत हे नाच-नाट्याचे खेळ उभे राहतात. दंडारीचा नाच मातीवर वाढला. शेणानं सारवलेली जमीन पायाखाली किंचित दबते आणि धक्क्याचा काही हिस्सा स्वतः घेते. आता गावोगावी सिमेंटचे मंच झाले. पावसाळ्यात चिखल नाही ही मोठीच सोय, पण सिमेंट काहीच घेत नाही. उडीवरून उतरताना पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो आणि तो सगळा पायांत परत जातो. वाढत्या वयाच्या मुलांत टाचेच्या हाडाचा वाढणारा भाग अजून कच्चा असतो. महिनाभराच्या तालमीत टाच दुखते म्हणणारं पोरगं बहुधा कामचुकारपणा करत नसतं. नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण आपण त्याच्या तोंडावर फेकू नये. अंगण खरोखर कडक असतं. तालमीला जाड सतरंजी अंथरली तर ती पायाखाली सरकून घात करते. त्यापेक्षा मातीच्या पटांगणात तालीम आणि मंचावर शेवटच्या दोन-चार फेऱ्या, हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

बूट घ्यायचेच असतील तर संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. जे मोजे घालून नाचायचं, तेच घालून. बसून नाही, उभं राहून. पायावर भार आला की तो लांब आणि रुंद होतो. दोन पायांत बहुधा एक किंचित मोठा असतो, माप त्याचं. मग दुकानातच चवड्यावर उभं राहायला लावावं, टाच सुटते का बघावं, दोन उड्या मारायला लावाव्यात. पोरगं लाजेल, लाजू द्यावं. रेक्झिनचा बूट 'वापरून सैल होईल' या भरवशावर घेऊ नये. चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही, आणि रेक्झिन जवळजवळ कशातच नाही. दोन वर्षांचा हिशेब जमवायचा असेल, तर रोजचे शाळेचे बूट मोठे घ्यावेत आणि नाचाचे मापाचे, किंवा वर्गावर्गात अदलाबदल करावी. मापाचा बूट पुढच्या वर्षी धाकट्या पोराच्या मापाचा होतोच.

पोराला शहराच्या बाजारात नेणं जमत नसेल, तर घरीच जुन्या वर्तमानपत्रावर त्याला दोन्ही पायांवर उभं करावं. पेन्सिल दुसऱ्यानं धरावी, अगदी उभी, आणि पायाच्या कडेकडेनं रेघ ओढावी. चवड्याच्या सर्वांत रुंद जागी दोन्ही बाजूंना खूण करावी. तो कागद कापून दुकानात न्यावा आणि बुटाच्या आतल्या तळाशी ताडून बघावा. मग त्यावर तारीख टाकून जपून ठेवावा. पुढच्या धानाच्या हंगामात तो कापलेला कागद दुसऱ्या वर्तमानपत्रावर चिकटवावा, टाच जुळवून त्यावर पुन्हा पाय ठेवावा आणि दुसरी रेघ ओढावी. अंगठ्यापुढे दोन रेघांमध्ये जवाचा एक दाणा आडवा न ठेवता लांबीनं बसला, तर पोराचा नंबर एकानं वाढला.